गिटारच्या तारा : नाइन, टेन आणि शेवटी साडेनऊ

गेल्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात दुसऱ्या कडव्यावरच माझ्या गिटारची पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार तुटली. स्ट्रॅट घडणीची, फ्लोटिंग ट्रेमोलोची इलेक्ट्रिक गिटार (जिचा तारा धरणारा ब्रिज पक्का नसून मागच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो) ज्यांच्याकडे आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एक तार गेली की मागच्या स्प्रिंगा ब्रिज ओढून घेतात आणि उरलेल्या पाच तारा चढतात. सगळं गाणं बेसूर. वर त्या वर्षातली ती चौथी तार होती. आमच्याकडच्या दुकानात सुटी पहिली तार मिळत नाही, म्हणजे एका तारेसाठी दर वेळी अख्खा सेट घ्यायचा. माझ्या डब्यात दुसऱ्या ते सहाव्या तारांची कोरी पाकिटं साठली होती आणि पहिली एकही नव्हती. हा खर्च मला फार लागला.

दुकानात सांगितलं गेलं, "नाइन नाजूक असतात, टेन लावा, तुटणार नाहीत." मी विश्वास ठेवला आणि ९-४२ चा सेट काढून १०-४६ चा चढवला. हे आकडे म्हणजे गेज, तारेची हजारांश इंचांतली जाडी : आधी पहिल्या तारेची, मग सहाव्या.

आता टेनचे पाच आठवडे. एका हजारांश इंचाचा तो काय फरक, असं वाटतं, पण ताण तारेच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्याच स्वराला लावलेली १० ची तार ९ पेक्षा जवळजवळ २३ टक्के जास्त ताणलेली असते. साडेपंचवीस इंची स्केलवर (स्केल म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) ९-४२ च्या सहा तारा मिळून सुमारे ३८ किलोंनी ओढतात, १०-४६ च्या सुमारे ४७ किलोंनी. ही वरची नऊ किलोंची ओढ थेट ब्रिजवर येते. माझा ब्रिज पुढे झुकून वर आला, अ‍ॅक्शन, म्हणजे मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्यांपासून तारांची उंची, वाढली, बाराव्या फ्रेटवर स्वर चढा लागायला लागला. दुकानात गेलो तर "सेटअप वेगळा पडेल" म्हणाले, म्हणजे नव्या तारांप्रमाणे गिटार जुळवून घ्यायचे पैसे वेगळे. गेज बदला हे सांगणारे तेच, आणि सेटअप लागेल हे सेट विकताना सांगितलं नाही तेही तेच. मी तिथं भांडलो आणि गिटार उचलून घरी आलो.

सेटअप घरीच केला. मागचं झाकण काढलं आणि स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा आटा आवळले. मग सहाही तारा पुन्हा लावल्या, ब्रिज बघितला, पुन्हा अर्धा आटा. प्रत्येक वेळी तारा स्वरात आणल्याशिवाय ब्रिजची उंची बघण्यात अर्थ नाही, माझा पहिला तास त्यातच गेला. टेनची तिसरी तार १७ ची, ती नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचेत अडकून 'टिक' असा आवाज करत सुटायची. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासल्यावर थांबली. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर बरोबर लागेल असं जुळवणं. सगळं मिळून एक रविवार गेला, पैसे शून्य.

टेनचं चांगलंही सांगतो. रिदमला जोरात स्ट्रोक मारला तरी स्वर हलत नाही, खालच्या तारा गच्च वाटतात. दोन आठवडे मी सगळ्यांना टेनच घ्या म्हणून सांगत होतो. पण तिसऱ्या तारेवर पूर्ण स्वराचा बेंड घेताना (बोटानं तार ओढून स्वर चढवताना) तो पाव स्वर खालीच राहायला लागला. तासाभराच्या रियाझानंतर अनामिकेचं पेर दुखायचं. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा वाजवायचा हे सगळे सांगतात, पण तो गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा, आणि अर्धा स्वर उतरवला की ताण ११ टक्क्यांनी कमी होतो. दुसरीकडे झीझी टॉप बँडचा बिली गिबन्स सातच्या तारांवर वाजवतो आणि त्याचा आवाज कुणी बारीक म्हणत नाही. जाड तारेतच जाड आवाज असतो हे माझं तेव्हाचं मत मी मागे घेतो.

आणि पाचव्या आठवड्यात टेनचीही पहिली तार तुटली.

त्या संध्याकाळी मामा घरी होते. ते चाळीस वर्षं सतार वाजवतात. मी दुकानदाराच्या नावानं बोलत होतो, त्यांनी मध्येच विचारलं, "तार तुटली कुठं रे? खुंटीपाशी की घोडीपाशी?"

मी कधी बघितलंच नव्हतं. डब्यात एक जुनी तुटकी तार पडली होती, ती आणि आजची शेजारी ठेवली. दोन्हींचे बॉलकडचे (ब्रिजमध्ये अडकणाऱ्या टोकाकडचे) तुकडे अगदी सारख्या लांबीचे. म्हणजे दोन्ही एकाच ठिकाणी, सॅडलवर (ब्रिजवर तार जिथं टेकते त्या तुकड्यावर) तुटलेल्या. मामांनी सॅडलवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "बघ, अडकतंय." मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलं तर तार जिथं वळते तिथं धातूची बारीक कड उभी होती, तांदळाच्या कणीच्याही दहाव्या हिश्शाएवढी. प्रत्येक बेंडला तार तिच्यावर घासत होती.

आता विचार केला की दुकानातला सल्ला मुळातच कसा चुकीचा होता ते कळतं. त्याच स्वराला जाड तारेवर ताण जास्त येतो हे खरं, पण तिच्या छेदाचं क्षेत्रफळही तेवढ्याच पटीनं जास्त असतं. म्हणजे साध्या तारेत (जिच्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली नसते) पोलादाच्या प्रत्येक कणावर पडणारा भार ९ आणि १० मध्ये सारखाच. नुसतं गेज वाढवून तार तुटायची थांबत नाही. पहिली तार वारंवार तुटत असेल तर आधी तुटलेलं टोक बघा. सॅडलवर तुटली असेल तर सॅडल तपासा, नटवर तुटली असेल तर नट, ट्यूनरपाशी तुटली असेल तर खुंटीच्या भोकाची कड.

मी १००० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून ती कड घासली, मग जुनी गुंडाळलेली तार त्या खाचेतून दोऱ्यासारखी मागेपुढे ओढली. नख अडकायचं थांबेपर्यंत. दहा मिनिटं लागली.

त्यानंतर साडेनऊचा सेट मागवला, ९.५-४४. एर्नी बॉल या कंपनीचा मिळतो. यातली एक गोष्ट मला फार आवडली. ९-४२ मध्ये दुसरी तार ११ ची असते, तीच त्या सेटमधली सगळ्यात सैल, जेमतेम पाच किलोंच्या ताणावर. पहिलीवरून दुसरीवर बेंड घ्यायला गेलं की हाताखाली एकदम मऊ लागते आणि स्वर पुढे निघून जातो. इतकी वर्षं मी याला माझ्या बोटाचा दोष समजत होतो. साडेनऊमध्ये दुसरी १२ ची आहे, ताण सहा किलोंच्या जवळ. तिसरी आणि चौथी मात्र ९-४२ सारख्याच, १६ आणि २४. म्हणजे तिसरीवरचा बेंड जुन्याइतकाच सोपा राहिला, दुसरी सुधारली, आणि खालच्या दोन तारा ३४ आणि ४४ च्या असल्यानं रिदमलाही जीव आला. स्क्रू थोडे उलटे सोडावे लागले, तेवढंच.

साडेपाच महिने झाले. दोन सेट बदलले, तेही गंज चढला म्हणून. ठाण्याच्या पावसाळ्यात कोटिंग नसलेल्या तारा महिन्याभरात काळ्या पडतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं खालूनही पुसल्या तर सहा आठवडे जातात. कोटिंगवाल्या तारा जास्त टिकतात हे मान्य, पण त्यांची किंमत साध्या सेटच्या दुपटीच्या वर जाते आणि मला ती परवडत नाही. तार एकदाही तुटलेली नाही.

टेनचा एक न फोडलेला सेट उरला होता. तो मित्राच्या लेस पॉल घडणीच्या गिटारवर चढवला. तिची स्केल पावणेपंचवीस इंच, त्यामुळे तोच सेट तिथं सहा टक्के सैल बसतो, ब्रिजही पक्का. त्याला हाताला छान लागतोय. डब्यातल्या सुट्या तारांपैकी १६ आणि २४ साडेनऊच्या सेटला चालतात, त्या मी ठेवल्या आहेत.