पित्ताशयातले खडे: गोळ्या की दुर्बिणीची शस्त्रक्रिया?

पुण्यात ‘पित्त झालंय’ म्हणतात ते बहुधा जठरातलं आम्ल. खरं पित्तरस यकृतात बनतं, रोज ५०० ते १००० मिली. त्यातलं थोडं पित्ताशयात दाट होऊन साठतं. तर्रीदार मिसळ पोटात गेली की पित्ताशय आकुंचन पावतं, पित्त लहान आतड्यात उतरतं आणि तेलाचे बारीक थेंब करतं. मग पाचकरस त्यांवर काम करतात. आकुंचनाच्या वेळी खडा तोंडाशी अडकला, की जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते.

अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या फक्त कोलेस्टेरॉलचे, लहान (साधारण १० मिमीखालचे), कॅल्शियम नसलेले खडे विरघळवतात. पित्ताशय आकुंचन पावणारं आणि नळी मोकळी हवी. मात्रा दर किलो वजनाला रोज ८ ते १० मिग्रॅ, मुदत ६ महिने ते २ वर्षं. इतकं करूनही ५ वर्षांत निम्म्या लोकांत खडे परततात, कारण ते बनवणारी पिशवी जागेवरच असते.

शस्त्रक्रियेत पिशवीच काढतात: सहसा चार छोटी छिद्रं, एक-दोन दिवस मुक्काम. नंतर पित्त सतत आतड्यात झिरपतं, म्हणून काहींना तेलकट खाल्ल्यावर जुलाब होतात. पित्तनलिकेला इजा क्वचित होते, पण झाली तर गंभीर. वारंवार कळ येत असेल तर आमचा कौल शस्त्रक्रियेलाच. गोळ्या भूल न झेपणाऱ्यांसाठी.

त्रास नसताना सोनोग्राफीत सहज दिसलेल्या खड्याला बहुधा दोन्ही नकोत. ताप, थंडी, कावीळ असेल तर मात्र थेट तातडीच्या विभागात जा.