आयकॉम आयसी-ए२५एन : वॉशिंग्टनच्या निर्बंधित आकाशात वर्षभर वापरलेला हातातला रेडिओ

मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गच्या छोट्या विमानतळावरून मी भाड्याचे सेसना १७२ उडवतो. हा तळ वॉशिंग्टनभोवतीच्या विशेष उड्डाण नियम क्षेत्रात, म्हणजे इथले वैमानिक ज्याला ‘सफ्रा’ म्हणतात त्या वर्तुळात येतो. त्यामुळे ‘जरा एक चक्कर मारून येतो’ असे म्हणत उडण्याची सोय मला नाही. रेगन विमानतळावरच्या दिशादर्शक केंद्रापासून ३० सागरी मैलांच्या आत शिरायचे किंवा आतून बाहेर पडायचे, तर आधी उड्डाण-आराखडा दाखल करावा लागतो, पोटोमॅक अप्रोच या इथल्या रडार-नियंत्रण केंद्राकडून त्या उड्डाणापुरता चार आकडी कोड घेऊन तो ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, लावावा लागतो आणि आत असेपर्यंत नियंत्रकाशी दुतर्फा संपर्क राखावा लागतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर २००३ मध्ये आलेली ही बंधने २००९ मध्ये कायम झाली. या वर्तुळात रेडिओ मुका होणे म्हणजे काय, हे मला गेल्या शरद ऋतूत कळले. हा अभिप्राय मी त्या अनुभवाच्या आधारे लिहीत आहे.

फ्रेडरिकहून परतताना मी कोड घेऊन हद्दीच्या आत आलो होतो. नियंत्रकाने मला पुढच्या फ्रिक्वेन्सीवर जाण्यास सांगितले. मी ती लावली, बटण दाबले, बोललो, पण उत्तर आले नाही. पुन्हा बोललो, तरी तेच. मला मात्र सर्व ऐकू येत होते, अगदी माझ्याच विमानाच्या क्रमांकाने मारलेल्या हाकासुद्धा. पॅनेलकडे नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की बटण दाबल्यावर पडद्यावर प्रक्षेपणाची खूण उमटतच नव्हती. सुकाणूवरच्या बटणाची तार तुटली होती, हे नंतर मेकॅनिकने सांगितले. नियंत्रक अनुभवी होता. ऐकू येत असल्यास ट्रान्सपाँडरचे ओळखीचे बटण दाबा, असे त्याने शांतपणे सांगितले. मी ते दाबले आणि त्याच्या पडद्यावर माझा ठिपका उजळला. संपर्क तुटल्यास ७६०० हा कोड लावून सर्वांत जवळच्या वाटेने क्षेत्राबाहेर पडायचे, हा नियम मला पाठ होता आणि हात त्या दिशेने निघालाही होता. त्याआधी मी मागच्या आसनावरच्या पिशवीतला ए२५एन ओढून काढला.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे, कारण यंत्राचे मूल्यमापन तिच्याशी जोडलेले आहे. रेडिओ पिशवीत तळाशी होता आणि हेडसेट जोडण्याची वायर वेगळ्या कप्प्यात होती. एका हाताने सुकाणू सांभाळून दुसऱ्या हाताने हेडसेटचे दोन्ही प्लग, एक जाड आणि एक बारीक, पॅनेलमधून काढून त्या वायरला जोडेपर्यंत विमान दोनशे फूट वर चढले होते. शिवाय रेडिओ मांडीवर आडवा ठेवून मी बोललो, तेव्हा नियंत्रकाला तुकडेतुकडेच ऐकू गेले. मग तो उचलून खिडकीच्या काचेजवळ अँटेना उभी राहील असा धरला आणि तेच वाक्य पुन्हा उच्चारले. या खेपेला त्याला ते पूर्ण समजले. पुढची दहा मिनिटे मी त्याच अवस्थेत बोलत गेथर्सबर्गला उतरलो.

हा रेडिओ ६ वॅटचा म्हणून विकला जातो, पण तो आकडा शिखर-शक्तीचा, म्हणजे बोलताना क्षणभर गाठल्या जाणाऱ्या कमाल शक्तीचा आहे. आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीची, म्हणजे वाहक लहरीची, शक्ती २ वॅटच्या आतबाहेर असते, तर पॅनेलमधला रेडिओ सहज १० वॅटचा असतो. तरीही खरा फरक वॅटमध्ये नसून अँटेनामध्ये आहे. विमानाची अँटेना छतावर मोकळ्या हवेत उभी असते, तर हातातल्या रेडिओची रबरी अँटेना ॲल्युमिनियमच्या डब्यात बसून खिडकीतून बाहेर डोकावते. विमानांचे रेडिओ उभ्या ध्रुवणाने, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरींनी चालतात, म्हणून ही अँटेना आडवी पडली की आहे तीही शक्ती वाया जाते. व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात. अडीच हजार फुटांवरून क्षितिज सुमारे साठ सागरी मैलांवर असते, त्यामुळे हवेत असताना ही थोडी शक्तीही पुरते, पण जमिनीवर टेकड्या आणि हँगर मध्ये आले की पुरत नाही. कोणत्याही कंपनीचा हातातला रेडिओ घेतला तरी हे चुकत नाही.

या मर्यादेत ए२५एन फार चांगला आहे. दुपारच्या उन्हातही त्याच्या २.३ इंची पडद्यावरचे आकडे वाचता येतात. शेवटच्या दहा फ्रिक्वेन्सी तो लक्षात ठेवतो, आणि एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सतत सोपवले जाणाऱ्या इथल्या उड्डाणांत मागच्या फ्रिक्वेन्सीवर चटकन परतता येणे फार मोलाचे आहे. १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर थेट जाता येते. २३५० एमएएच क्षमतेची बॅटरी माझ्या वापरात पूर्ण दिवस टिकली. हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, ही सोय लहान वाटते, पण आपले बोलणे बाहेर जाते आहे की नाही या शंकेने ज्याची पाच मिनिटे गेली आहेत त्याला तिची किंमत कळते. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे एकाच वेळी बोलले की विमानांच्या रेडिओंत वापरल्या जाणाऱ्या एएम पद्धतीमुळे नुसती शिट्टी ऐकू येते, आणि शनिवारी सकाळी पोटोमॅकवर असे वारंवार होते. त्याला हा रेडिओ काही करू शकत नाही. तिथे थांबून, ऐकून, थोडक्यात बोलणे एवढेच आपल्या हाती असते.

‘इतका खटाटोप कशाला?’ असे क्लबमधल्या एका मित्राने विचारले होते. ११ मे २००५ रोजी एक सेसना १५० वाट चुकून याच क्षेत्रात खोलवर शिरले, तेव्हा व्हाइट हाऊस आणि कॅपिटल रिकामे करावे लागले, लढाऊ विमानांनी इशाऱ्यासाठी फ्लेअर, म्हणजे जळते प्रकाशगोळे, सोडले आणि ते विमान अखेर फ्रेडरिकला उतरवण्यात आले. त्या वर्षापासून भरकटलेल्या वैमानिकाला लाल-लाल-हिरव्या लेझर प्रकाशाने इशारा देण्याची व्यवस्थाही येथे आहे. तो प्रकाश आपल्यावर पडण्याआधी तोंडाने दोन वाक्ये बोलता यावीत, एवढ्यासाठी हा खर्च मला योग्य वाटतो.

खरेदी करणाऱ्यांनी रेडिओबरोबर हेडसेटची वायर त्याच दिवशी तपासून घ्यावी आणि ती रेडिओला जोडूनच ठेवावी. स्वतःचे विमान असेल, तर बाहेरच्या अँटेनाला जोडणारे सॉकेट मेकॅनिककडून बसवून घ्यावे. आमच्या क्लबने माझ्या विनंतीवरून एका विमानात ते बसवले, तेव्हा मांडीवर ठेवलेला तोच रेडिओ पॅनेलमधल्या रेडिओइतका स्वच्छ ऐकू गेला. भारतातून हे वाचणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की तिथे असे यंत्र बाळगण्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे इथून भेट म्हणून नेण्याची ही वस्तू नव्हे.

ए२५एनमध्ये जीपीएस, व्हीओआर (जमिनीवरच्या केंद्रावरून दिशा दाखवणारी सोय) आणि ब्लूटूथ आहे, तर त्याच्याच ए२५सी या भावंडात केवळ बोलण्याची सोय आहे. टॅबलेटवर नकाशा घेऊन उडणाऱ्याला सी पुरेल, आणि वाचलेले पैसे अँटेनाच्या सॉकेटवर खर्च करावेत. मी स्वतः एन वापरतो. उड्डाणाआधी तळाच्या फ्रिक्वेन्सीवर त्याच्यावरून एकदा बोलून पाहतो आणि तो डाव्या दाराच्या कप्प्यात अँटेना वर करून उभा ठेवतो.