मेट्रोचं कार्ड : आठ महिने, पाच फेऱ्या आणि गेटावर अडकलेले पाचशे रुपये

ॲपात पाचशे रुपये दिसत होते आणि गेट उघडत नव्हतं. सप्टेंबरातली गोष्ट. दिल्ली विमानतळाच्या टी३चं, म्हणजे टर्मिनल तीनचं, मेट्रो स्टेशन, रात्रीचे सव्वादहा, एका हातात बॅग, दुसऱ्या हाताला अण्णा. कार्ड टेकवलं की लाल दिवा. पुसून पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागे रांग वाढत चाललेली. अण्णा म्हणाले, "कामून थांबलास रे? घरून पैसे भरले होते ना?"

भरले होते. आदल्या रात्री जेवण झाल्यावर, जालन्यात, ओट्यावर बसून भरले होते. पैसे जमा झाल्याचा मेसेजही आला होता. तो मेसेज मी गेटावरच्या जवानाला दाखवला. त्याने बिचाऱ्याने शांतपणे सांगितलं, मेसेज गेटाला वाचता येत नाही, बाजूला होऊन क्यूआर तिकीट काढा.

या पाचशे रुपयांपायी मी पुढे दीड महिना भांडलो. कार्ड टाकाऊ आहे असं मला म्हणायचं नाही, तसं असतं तर चार ओळींत विषय संपला असता. जून २०२५ पासून वापरतोय, दिल्लीच्या पाच फेऱ्या झाल्या, मत दोनदा बदललं. आपल्याकडून दवाखान्यासाठी, मुलांच्या क्लाससाठी, कामासाठी विमानाने दिल्ली-मुंबईला जाणारे बरेच आहेत. त्यांनी उतरल्यावर कोणतं तिकीट घ्यावं, हे कुणी तरी आपल्या बाजूने सांगायला पाहिजे.

आधी थोडं मागचं. अण्णांचं वय ७८. एम्समध्ये दर दीड-दोन महिन्यांनी दाखवायचं असतं. पूर्वी सचखंड एक्सप्रेसने जायचो, पण आता एवढा वेळ बसणं त्यांना झेपत नाही. म्हणून संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून विमान. विमानाला पैसे गेले की बाकी ठिकाणी हात आखडावाच लागतो. उतरल्यावर टॅक्सीला पाचशेच्या वर द्यायचे, परत येताना तेवढेच, ते मला पटत नाही. जालन्याहून विमानतळापर्यंत आम्ही एसटीच्या साध्या गाडीने येतो. अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत ७५च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, त्यामुळे अण्णांचं तिकीट शून्य, फक्त आधार दाखवायचं. दिल्ली मेट्रोत मात्र ज्येष्ठांना सवलत नाही. ते आधार काढून हातात धरून उभे राहिले होते पहिल्यांदा, तेव्हा मला वाईट वाटलं.

कार्ड म्हणजे एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड), रुपेचं. "एक देश, एक कार्ड" म्हणून ४ मार्च २०१९ ला जाहीर झालं. दिल्लीच्या एअरपोर्ट लाइनवर २८ डिसेंबर २०२० पासून चालू झालं, आता तिथल्या सगळ्या लाइनींवर चालतं. माझं एका बँकेचं आहे. नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या बँकांचं वागणं मला माहीत नाही.

जूनमधली पहिली फेरी मस्त झाली. कार्ड तिथल्याच काउंटरवर पैसे भरून घेतलं होतं. टी३वरून नवी दिल्ली वीस मिनिटांच्या आत. गाडीत बॅगा ठेवायला जागा, बसायला जागा, अण्णा खिडकीला. एकच घोळ झाला : अण्णांसाठी कार्ड टेकवलं, ते आत गेले, मग माझ्यासाठी तेच टेकवलं तर गेट अडून राहिलं. एका कार्डावर एकच माणूस. ही गोष्ट घरून निघतानाच समजून घ्या, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला घेऊन जात असाल तर, कारण तो आत आणि तुम्ही बाहेर अशी वेळ येते. तेवढा अर्धा मिनिट अण्णा गेटापलीकडे माझ्याकडे बघत उभे होते.

मग मी माझ्यासाठी क्यूआर काढलं. मेट्रोच्या व्हॉट्सॲप नंबराला हाय पाठवायचं, स्टेशनं निवडायची, पैसे भरायचे, तिकीट फोनवर येतं. ही सोय मे २०२३ मध्ये सुरू झाली ती एअरपोर्ट लाइनवरच. तेव्हा वाटलं, हे कामचलाऊ आहे, खरं तिकीट म्हणजे कार्ड. घरी येऊन दोन शेजाऱ्यांना कार्ड घ्यायला लावलं. त्या दोघांची मी नंतर माफी मागितली.

आता ते पाचशे. या कार्डात पैसे चिपमध्ये असतात. बटव्यातल्या नोटेसारखे. गेट बँकेला विचारत नाही, चिपला विचारतं. म्हणून तर ते एका क्षणात उघडतं, म्हणून तर जमिनीखाली नेटवर्क नसलं तरी चालतं. चिपमध्ये २००० पर्यंत रक्कम ठेवता येते, आणि कार्ड हरवलं तर ती गेली समजायची. पण ॲपवरून पैसे भरले की ते बँकेकडे जाऊन थांबतात. चिपवर चढवायला कार्ड एका यंत्रावर टेकवून "बॅलन्स अपडेट" करावं लागतं. ते यंत्र मेट्रो स्टेशनात असतं. मेट्रो शहरात राहणारा माणूस रोज सकाळी त्या यंत्राजवळून जातो, त्याला काही फरक पडत नाही. आमच्या अख्ख्या मराठवाड्यात मेट्रोचं एक स्टेशन नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मेसेजमध्ये स्वच्छ "जमा" असा शब्द होता. सप्टेंबरात परत आल्यावर हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची मुलगी सभ्य होती, म्हणाली, जवळच्या मेट्रो स्टेशनवर जाऊन अपडेट करून घ्या. मी विचारलं, ताई, जालन्याला जवळचं स्टेशन कोणतं ते बघून सांगा. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि "पुणे" म्हणाली. संभाजीनगरहूनच पुणे सव्वादोनशेच्या पुढे किलोमीटर आहे, जालन्याहून त्यात आणखी साठ. पाचशे रुपये चिपवर चढवायला तेवढं जायचं आणि तेवढंच यायचं.

शाखेत गेलो. साहेबांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, झेरॉक्स काढून घेतली, वर कळवतो म्हणाले. लेखी तक्रार केली. पैसे माझ्या खात्यात परत द्या, एवढंच मागणं होतं. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं की रक्कम सुरक्षित आहे, अपडेट बाकी आहे, परतावा देता येत नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच.

नोव्हेंबरात दिल्लीला गेल्यावर काउंटरच्या माणसाला कार्ड दिलं. त्याने ते यंत्रावर ठेवलं, एक बटण दाबलं, पाच सेकंदांत पडद्यावर पाचशे आले. पैसे कुठेच गेले नव्हते हे तेव्हा कळलं. राग उतरला नाही, वाढला. "जमा" या शब्दापुढे "स्टेशनवर कार्ड अपडेट करा" एवढे चार शब्द मेसेजमध्ये असते, तर ७८ वर्षांचा माणूस रात्री रांगेत ताटकळला नसता.

तरीही त्याच फेरीत माझं मत बदललं. येताना थेट विमान महाग होतं, मुंबईचं स्वस्त मिळालं. टी२ला उतरलो आणि मेट्रो ३ने थेट सीएसएमटीला गेलो, तिथून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस. ही ३३.५ किलोमीटरची भुयारी लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, २७ स्टेशनं, तिकीट १० ते ७० रुपये. विमानतळावरून सीएसएमटीला बॅगा घेऊन, एकदाही गाडी न बदलता, लोकलच्या गर्दीत न शिरता जाता येतं, हे ज्याने आधीचे हाल काढलेत त्यालाच कळेल. दिल्लीत सकाळी चिपवर चढलेले पैसे मुंबईत संध्याकाळी चालले. कार्ड टेकवलं, हिरवा दिवा, गेट उघडलं. मी त्या जागी दोन क्षण थांबलो होतो. मुंबईच्या या लाइनवर फोनवरचं क्यूआर काढायचं असेल तर खाली उतरायच्या आधी, वर नेटवर्क असतानाच काढून ठेवा.

दिल्लीबद्दल एक गोष्ट कार्डापेक्षा महत्त्वाची आहे : तिकीट ठरवायच्या आधी टर्मिनल बघा. टी३ला एअरपोर्ट लाइन आहे, तिचं भाडं वेगळं आणि जास्त. नवी दिल्लीला तिच्या गेटातून बाहेर पडून यलो लाइनच्या गेटात पुन्हा शिरायचं, मग आठवं स्टेशन एम्स. टी१ला मात्र मॅजेंटा लाइनचं स्टेशन आहे, मे २०१८ पासून, आणि तिला साधंच भाडं लागतं. हौज खासला बदलायचं, पुढे ग्रीन पार्क आणि एम्स. एम्सला जाणाऱ्यासाठी टी१ हा सरळ फायदा आहे. जानेवारीत आमचं विमान टी१ला उतरलं तेव्हा पैसे किती कमी कापले गेले ते अण्णांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. हौज खासचं स्टेशन बरंच खोल आहे, सरकते जिने लांबलचक, तिथे मी त्यांचा हात सोडत नाही. विमान निवडताना भाड्यात शे-दोनशेचाच फरक असेल तर टर्मिनल कोणतं ते बघून निवडा.

टी३लाच उतरावं लागलं तर पैसे वाचवायचा दुसरा मार्ग धौला कुआँ. तिथे उतरून पिंक लाइनच्या दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस स्टेशनकडे पादचारी पूल आहे, सरकते पट्टे आहेत. ऑगस्टात आम्ही तो केला. तरण्याताठ्या पोरांनी जरूर करावा. पण पूल एक किलोमीटरच्या पुढे लांब आहे, गुडघे दुखणाऱ्याला घेऊन जाऊ नका. अण्णा तिथे तीनदा कठड्याला धरून थांबले, आणि वाचलेल्या पैशांचा मला अजिबात आनंद झाला नाही.

पर्यटक कार्डाच्या नादी लागू नका. एक दिवसाचं आणि तीन दिवसांचं मिळतं, कितीही फिरा म्हणतात, पण ते एअरपोर्ट लाइनवर चालत नाही. म्हणजे टी३ला उतरलेल्याला विमानतळावरून निघायचंच तिकीट वेगळं काढावं लागतं. दवाखान्याला जाऊन खोलीवर परतणाऱ्याचे त्यात पैसे वसूल होत नाहीत.

२५ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीचं भाडं वाढलं. साध्या लाइनींवर आता ११ ते ६४ रुपये, एअरपोर्ट लाइनवर पाच रुपयांपर्यंत वाढ. फक्त दिल्लीलाच जाणं-येणं असेल तर बँकेच्या कार्डाऐवजी दिल्ली मेट्रोचं स्वतःचं स्मार्ट कार्ड घ्या असं मी आता सांगतो. काउंटरवर रोख भरली की लगेच चढते, प्रत्येक प्रवासाला १० टक्के सूट आहे, आणि सकाळी आठच्या आधी, दुपारी बारा ते पाच किंवा रात्री नऊनंतर निघालात तर आणखी १० टक्के. अपॉइंटमेंट दुपारची मिळत असेल तर तीच मागा. मुंबई-दिल्ली दोन्हीकडे जाणं असेल तरच बँकेचं कार्ड.

वरचं सगळं लिहून झाल्यावर एक भर घालावी लागतेय. परवा भाचा आला होता. त्याच्या फोनात एनएफसी आहे, म्हणजे जवळ धरलेल्या कार्डाची चिप फोनला वाचता येते. बँकेच्या ॲपची नवी आवृत्ती घेतली तर त्यात फोनवरूनच कार्ड अपडेट करायची सोय दिसली. फोनचं कव्हर काढलं, कार्ड पाठीवर कॅमेऱ्याजवळ ठेवलं, पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्यांदा कार्ड बोटभर खाली सरकवलं, न हलवता धरलं, आणि दोनशे रुपये चिपवर चढले. जालन्यात, आमच्या ओट्यावर. म्हणजे होऊ शकतं. माझ्या फोनात एनएफसी नाही आणि त्यासाठी मी नवा फोन घेणार नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी घरून निघायच्या आधी एवढं करून बघावं. बँकेला मी तिसरं पत्र लिहिलंय, त्यात हेच विचारलंय की ही सोय होती तर हेल्पलाइनने पुण्याचा रस्ता का दाखवला. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.

आमची आताची पद्धत अशी : कार्ड अण्णांकडे, क्यूआर माझ्या फोनवर. अण्णांना फोन चालवता येत नाही, पण कार्ड टेकवणं त्यांना पक्कं जमलंय. परत निघताना एम्स स्टेशनच्या काउंटरवर पुढच्या फेरीचे पैसे रोख भरून टाकतो आणि उरलेली रक्कम बघून घेतो. जानेवारीत ३४० होती. कार्ड त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात, आधारच्या पाकिटात, रबर लावून ठेवलंय. मार्चमध्ये पुढची तारीख आहे.