आयआयटी मुंबईचे स्तनपानाचे मराठी व्हिडिओ: बाळंतपणाआधीच बघून ठेवा

स्पोकन ट्युटोरियल म्हटलं की बऱ्याच जणांना कॉम्प्युटरचे कोर्स आठवतात, पण आयआयटी मुंबईच्या त्याच प्रोजेक्टमध्ये आरोग्य आणि पोषणाची पण एक सिरीज आहे, बालरोगतज्ज्ञ डॉ. रुपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली झालेली, मराठीत आहे, युट्यूबवर फुकट आहे आणि बाळाला अंगावर कसं पाजायचं हे इतकं नीट मला दुसरं कुणीच सांगितलं नव्हतं.

आधी क्रॉस क्रेडल होल्डचा, म्हणजे पाजायच्या बाजूच्या उलट्या हाताने बाळ धरायच्या पद्धतीचा व्हिडिओ बघा. आपल्याकडे बहुतेक जणी बाळाचं डोकं कोपराच्या खाचेत ठेवतात आणि मग स्वतः वाकून त्याच्या तोंडात निपल देतात, पाठ-खांदे जातात कामातून. इथे पद्धतच वेगळी. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हाताने धरायचं, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे, बाळाचं पोट आपल्या पोटाला टेकलेलं, मान वळलेली नको. निपल वरच्या ओठाला लावत राहायचं आणि त्याने मोठ्ठा आ केला की बाळाला आपल्याकडे घ्यायचं, आपण वाकायचं नाही. स्तन कसा धरायचा हे सांगायला वडापावचं उदाहरण दिलंय. वडापाव आपण ओठांच्या दिशेने आडवा दाबून खातो ना, उभा धरला तर घासच घेता येणार नाही, तसंच बाळाचे ओठ ज्या दिशेने आहेत त्या दिशेने बोटांनी आकार द्यायचा. हे ऐकल्यावर परत विचारावं लागत नाही.

मी हे सगळं एवढं लिहितेय कारण आमच्या हॉस्पिटलमध्ये बाळ छातीशी लावून दिलं, चोखतंय म्हणाले आणि झालं. घरी आल्यावर निपलला चिरा पडल्या, पाजायची वेळ आली की पोटात गोळा यायचा, आणि घरात येणारं प्रत्येक जण म्हणायचं दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करा. आई बिचारी अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी सगळं करून घालत होती. ते खावंच, बाळंतिणीला ताकद लागतेच, पण बाळ नुसतं निपलचं टोक चोखत असेल तर खिरीने काय होणार? दूध जेवढं ओढलं जातं तेवढं बनतं, आत साठून राहिलं तर शरीर कमी बनवायला लागतं. पकड बदलली, बाळाची हनुवटी स्तनाला टेकायला लागली, खालचा ओठ बाहेर वळला, निपलभोवतीचा काळा भाग खालून जास्त तोंडात जायला लागला तसं दुखणं कमी होत गेलं आणि गिळल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज ऐकून मी रडले होते.

दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका प्लीज. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत 6 किंवा जास्त वेळा शू, दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत, हे बघा. सुरुवातीला दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजणं नॉर्मल आहे, लगेच भूक लागली म्हणजे दूध पातळ आहे असं काही नसतं.

सिरीजमध्ये झोपून पाजणं, हाताने दूध काढणं असे वेगवेगळे व्हिडिओ आहेत. ऑफिसला परत जाणाऱ्यांनी हाताने दूध काढायचं शिकाच, महागडा पंप घ्यायच्या आधी. भाषा थोडी छापील आहे, "आपले स्वागत आहे"पासून "सहभागासाठी धन्यवाद"पर्यंत, आणि वेग संथ, पण झोप न झालेल्या बाईला तोच वेग बरा पडतो.

व्हिडिओ बाळाच्या तोंडात डोकावून बघू शकत नाही हे मात्र लक्षात ठेवा. जीभ खाली चिकटलेली वाटली, शू कमी झाली, वजन वाढत नसेल, किंवा तुम्हाला ताप येऊन स्तन लाल आणि कडक झाला तर थांबू नका, डॉक्टरकडे जा. शक्य असेल तर लॅक्टेशन कन्सल्टंटला (स्तनपानाच्या तज्ज्ञाला) एकदा समोर बसून दाखवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या पहिल्या 42 दिवसांत 6 भेटी ठरलेल्या असतात, त्यांना बाळ पाजतानाच बघायला सांगा.

सातव्या-आठव्या महिन्यात बघायला घ्या, आणि एकटीने बघू नका. टीव्हीला जोडून आई, सासूबाई, नवरा सगळ्यांना बसवा, कारण चिकाचं दूध फेकू नये, सहा महिने घुटी, मध, पाणी काही नको हे सुनेने सांगितलं तर वाद होतो, तेच डॉक्टरांच्या व्हिडिओत आलं की ऐकलं जातं. युट्यूबवर "स्पोकन ट्युटोरियल स्तनपान मराठी" असं टाकून शोधा, आणि हॉस्पिटलच्या बॅगेत दुपटी भरायच्या आधी क्रॉस क्रेडलचा तेवढा डाऊनलोड करून ठेवा, वॉर्डमध्ये रेंज मिळेलच असं नाही.