फिअर अँड हंगर: आठ महिने खेळल्यावर लिहितोय, दार्ससाठी

आठ महिने झाले, मधे परीक्षेचे पंधरा दिवस सोडले तर दर शनिवारी रात्री फिअर अँड हंगर हाच कॉम्प्युटर गेम चालू असतो माझ्याकडे. आधीच सांगतो, हा फक्त मोठ्यांसाठी आहे. लैंगिक हिंसा आहे, अंग कापणं आहे, आणि ते बघवत नसेल तर खरंच घेऊ नका. लहान भावंडांच्या हातात तर अजिबात देऊ नका.

२०१८ च्या डिसेंबरमधे आलेला गेम, मिरो हावेरिनेन नावाच्या फिनलंडच्या एका माणसाने आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधे बनवलेला, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण आरामात चालतो. गोष्ट अशी की लगार्द नावाचा कॅप्टन एका अंधारकोठडीत कैद आहे आणि चौघांपैकी एकाला घेऊन आपण त्याच्यापर्यंत पोचायचं. कहारा पैशासाठी जातो, एन्की ज्ञानासाठी, राग्नवाल्डर सूड घ्यायला, आणि दार्स, जी नाइट म्हणजे चिलखतवाली योद्धा आहे, ती त्याला सोडवायला, कारण तिचा जीव आहे त्याच्यावर. मी पहिल्या दिवशी दार्स घेतली आणि आजपर्यंत बहुतेक वेळा तिलाच घेतो.

पहिला महिना नुसता मरत होतो. इथे लढून लेव्हल वाढत नाही, म्हणजे दहा पहारेकरी मारले तरी तुम्ही आधी होता तेवढेच आणि वर हात गेला तर तो गेलाच. लढताना शत्रूचा कुठला अवयव मारायचा ते निवडावं लागतं, डोक्यावर घाव घातला तर लढाई लवकर संपते पण नेम चुकतो फार, म्हणून आधी त्याचा शस्त्र धरलेला हात उडवायचा हे मला पाच-सहा वेळा मेल्यावर कळलं. काही हल्ल्यांना नाणं उडतं, छापा का काटा, चुकलं की जागेवर मेलात. पलंगावर झोपून सेव्ह करायचं तरी पण नाणंच. लकी कॉइन मिळालं तर दोन नाणी उडतात, ते जपून ठेवा, मी एकदा साधी पेटी उघडताना घालवलं आणि नंतर रडलो.

आता ज्या रात्रीसाठी हे सगळं लिहितोय ती सांगतो. चौथ्या महिन्यात गंजलेल्या खिळ्यांवर दार्सचा पाय पडला, जखम चिघळली, ती बरी करणारी हिरवी वनस्पती नव्हती, करवत होती. कापला मी तिचा पाय. पुढे एका लढाईत डावा हात पण गेला, म्हणजे ढाल गेली, दोन हातांची तलवार गेली, आणि तरी ती चालत राहिली, म्हणून मी पण खेळत राहिलो. वेळेत पोचलो नाही म्हणून लगार्द मेलेला सापडला. रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी लॅपटॉप बंद न करता तसाच बसून होतो बराच वेळ. बाकी गेममधल्या योद्ध्यांना मी कधी एवढं मानलं नाही, त्यांचे चिलखत चकाचक आणि जखम एका बाटलीत बरी होते. हिचं शरीर मोजून-मापून दिलेलंय आणि तेच पणाला लावून ती त्याच्यासाठी खाली उतरते, म्हणून ती मला खरी वाटते.

वाईट काय ते पण सांगतो, मेनू किचकट आहे, खूप गोष्टी गेम समजावतच नाही, आणि काही प्रसंग मी दुसऱ्यांदा बघणार नाही. उपाशीपण आणि मनाची अवस्था दोन्ही सतत घसरत असतात, त्यामुळे शांतपणे फिरायला मिळत नाही. माझ्या मते ते बरोबरच आहे.

२०२२ चा दुसरा भाग टर्मिना पण घेऊन ठेवलाय, तो १९४२ सालात घडतो आणि त्यात चौदा जण आहेत, पण अजून सुरू केला नाही. आधी दार्सला लगार्द जिवंत असताना भेटवायचंय. वहीत तिची सतरा चित्रं झालीत, पहिल्या पाचात दोन्ही हात आहेत, नंतरच्या सगळ्यांत एकच.