बागेतला कोळी टिपायचाय: क्लोज-अप फिल्टर, ट्यूब की मॅक्रो लेन्स?

कॅमेरा आहे, एखादी झूम लेन्स आहे आणि बागेत कोळी आहेत. पुढे काय घ्यायचं, याबद्दल सल्ल्यांना तोटा नसतो आणि बहुतेक सल्ले "सरळ मॅक्रो लेन्स (अगदी जवळचं मोठं टिपणारी लेन्स) घेऊन टाक" इथे येऊन थांबतात. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. फूल जागचं हलत नाही. कोळ्याला तुमची चाहूल लागते आणि तो निघून जातो. म्हणून तुलना करताना "किती मोठं दिसतं" हा प्रश्न मी दुसरा धरतो. पहिला प्रश्न असा, की फोकस झाल्यावर लेन्सचं तोंड आणि कोळी यांच्यात किती जागा उरते? फोटोग्राफर याला वर्किंग डिस्टन्स म्हणतात.

इथे एक फसगत होते, ती आधीच सांगून टाकतो. लेन्सच्या माहितीपत्रकात "किमान फोकस अंतर ३० सेंमी" असं छापलेलं असतं. हे अंतर सेन्सरपासून मोजतात. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली, की १०० मिमी मॅक्रोसमोर १:१ ला (म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा कोळ्याएवढीच मोठी; १:२ म्हणजे निम्मी, २:१ म्हणजे दुप्पट) प्रत्यक्षात १३-१५ सेंमीच उरतात. हूड लावला तर आणखी कमी.

कोणता कोळी?

बागेत सहज सापडणारा आणि नवख्याला सांभाळून घेणारा कोळी म्हणजे अर्जिओपी. जाळ्यात जाड नागमोडी रेघा विणतो म्हणून त्याला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. मादीचं शरीर जातीनुसार १ ते २.५ सेंमी. पाय दोन-दोन जोडून फुलीच्या आकारात पसरलेले, डोकं खाली आणि मुक्काम दिवसभर जाळ्याच्या मध्यावर. पायांसकट ती चौकटीत बसवायला साधारण ४-५ सेंमी रुंदी लागते. कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर फुल फ्रेम प्रकारात ३६ मिमी रुंद असतो, म्हणजे १:१ ला ३६ मिमीचंच दृश्य मावतं आणि १:२ ला ७२ मिमीचं. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर हेच आकडे सुमारे २३.५ आणि ४७ मिमी होतात. थोडक्यात, अख्ख्या अर्जिओपीला १:१ लागतच नाही, १:२ पुरतं. जाळ्याच्या कडेला लटकलेला तिचा नर मात्र काही मिलिमीटरचा असतो. तो हवा असेल तर हिशेब बदलतो.

उडी मारणारे कोळी हे दुसरं टोक. बरेचसे ५ ते ८ मिमीचे. एपीएस-सीवर १:१ ला ६ मिमीचा कोळी चौकटीची जेमतेम पाव रुंदी व्यापतो. त्याचे समोरचे दोन टपोरे डोळे चौकटभर हवे असतील तर २:१ किंवा त्याहून जास्त मोठेपणा लागतो. तो जाळं विणून बसत नाही. सतत फिरतो, थबकतो आणि वळून थेट लेन्सकडे बघतो. कधीकधी लेन्सवरच उडी घेतो.

या दोघांच्या मध्ये खेकडा कोळी येतो. फुलावर दबा धरून तो बराच वेळ तसाच बसलेला असतो. कुठल्याही साधनाने सुरुवात करायला तो बरा.

झूम लेन्सवर क्लोज-अप फिल्टर

५५-२५० किंवा ७०-३०० मिमी जातीची झूम हाताशी असेल, तर मी सगळ्यात आधी क्लोज-अप फिल्टरकडे, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायच्या भिंगाकडे बोट दाखवीन. हिशेब सोपा आहे. १००० ला फिल्टरच्या पॉवरने (चष्म्याच्या नंबरासारखी, +४, +८ अशी लिहिलेली) भागलं, की कोळ्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. +४ चा फिल्टर म्हणजे २५ सेंमी. लेन्सचा फोकस अनंतावर असताना हे अंतर झूम कितीही फिरवला तरी तेवढंच राहतं. मोठेपणा मात्र बदलतो. रेनॉक्स डीसीआर-१५० ची पॉवर +४.८ आहे, म्हणजे अंतर सुमारे २१ सेंमी. झूम १०० मिमीवर ठेवला तर साधारण १:२ मिळतं, २०० वर जवळजवळ १:१. म्हणजे जागचं न हलता आधी जाळ्यासकट कोळी आणि मग नुसतं पोट टिपता येतं. मॅक्रो लेन्सने हे करायचं तर पुढे सरकावं लागतं आणि पुढे सरकलं, की जाळं हलण्याची भीती. त्याच कंपनीचा डीसीआर-२५० हा +८ चा आहे. अंतर १२.५ सेंमी, २५० मिमीवर मोठेपणा २:१. उडी मारणाऱ्या कोळ्यासाठी हा. दोन्ही ५२ ते ६७ मिमीच्या लेन्सवर चिमट्याने बसतात, ऑटोफोकस चालू राहतो आणि प्रकाशही कमी होत नाही. झूम कमी केला की कोपरे काळे पडतात, पण कोळी टिपताना तिकडे जायची गरजच पडत नाही.

क्लोज-अप फिल्टर याच नावाने +१, +२, +४, +१० असा एकाच काचेच्या फिल्टरांचा संच मिळतो, तो घेऊ नका. कडा मऊ होतात हे एक वेळ चालून जाईल. पण गडद पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या धाग्याभोवती जांभळी-हिरवी किनार येते, आणि कोळ्याच्या फोटोत धागे तर असणारच. दोन काचा जोडून बनवलेला, म्हणजे अ‍ॅक्रोमॅट फिल्टरच पाहून घ्या.

ट्यूब आणि उलटी लेन्स

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यात बसवायची पोकळ नळी. तिच्यात काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा लेन्सचा जसा असेल तसाच राहतो. वाढणारा मोठेपणा म्हणजे ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर छापलेला मिमीचा आकडा). ५० मिमी लेन्समागे ३६ मिमी ट्यूब लावली तर ०.७२ ची भर पडते, तीच २०० मिमीमागे लावली तर फक्त ०.१८ ची. म्हणून ट्यूब आखूड लेन्सवर शोभते आणि फिल्टर लांब लेन्सवर. अडचण अशी, की ५० मिमी लेन्सने १:१ च्या आसपास गेलात तर पुढे दहा सेंमीही उरत नाहीत. खेकडा कोळ्याला चालेल. जाळ्याचे ताणधागे मात्र आजूबाजूच्या पानांना, काड्यांना बांधलेले असतात. कोपराचा धक्का एखाद्या काडीला लागला तरी जाळ्याच्या मध्यावर बातमी पोचते. अर्जिओपी जाळं जोरजोरात झुलवते, नाहीतर धाग्याला लटकून खाली झाडोऱ्यात उतरते आणि त्या दिवसाचा विषय संपतो. ट्यूब घेतलीच तर विद्युत संपर्क असलेली घ्या, नाहीतर नव्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं भोक) कॅमेऱ्यावरून बदलता येणार नाही.

लेन्स उलटी लावायची रिंग हा सगळ्यात कमी खर्चाचा उपाय. ५० मिमीने १:१ च्या जवळपास, २८ मिमीने २:१ च्या वर. अंतर मात्र फारच कमी. अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी लेन्स असेल तरच याच्या वाटेला जा. पहाटेच्या गारव्यात कोळी सुस्त असतात, तेव्हा यातून काहीतरी हाती लागतं. दुपारी नाद सोडा.

मॅक्रो लेन्स घ्यायचीच असेल तर

६०, १०० आणि १८० मिमी, तिन्हींवर १:१ मिळतं. १:१ ला पुढे उरतात अनुक्रमे सुमारे ९, १४ आणि २४ सेंमी. ६० मिमी हलकी असते, पण कोळ्यासाठी जवळ पडते. १८० मिमीचं अंतर राजेशाही, आणि तिच्यात मागचा भाग अरुंद येत असल्यामुळे जाळ्यामागचा पानाफांद्यांचा पसारा टाळायला ती उत्तम. पण तासभर हातात धरून बघा, मग बोलू. बहुतेकांनी ९० ते १०५ मिमीच्या दरम्यानची घ्यावी. स्टॅबिलायझेशनसाठी, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीसाठी, जास्त मोजायचं का? कॅननने २००९ साली आणलेल्या १०० मिमी एल लेन्सबद्दल कंपनीचाच दावा असा, की नेहमीच्या अंतरावर चार स्टॉपचा (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येतं) फायदा आणि १:१ ला दोनच स्टॉपचा. शिवाय तो फायदा तुमच्या हातांच्या थरथरीपुरता. वाऱ्याने डोलणारं जाळं त्याने थांबत नाही. ते पैसे फ्लॅशकडे वळवा.

१:१ च्या पलीकडे कॅनन एमपी-ई ६५ सारखी खास लेन्स १ ते ५ पट जाते. १:१ च्या अंतराहून दूरचं काहीही तिच्यावर फोकस होत नाही, आणि पाचपट मोठेपणाला पुढे उरतात सुमारे ४ सेंमी. पहिली लेन्स म्हणून ती नको.

फोनबद्दल थोडक्यात. ज्या फोनचा मॅक्रो मोड वाइड कॅमेऱ्यावर चालतो, त्याला कोळ्याच्या दोन-तीन सेंमीपर्यंत जावं लागतं. तिथे फोनची सावली पडते आणि कोळी पळतो. टेलिफोटो कॅमेऱ्यातून जवळचं टिपणारा फोन असेल तर अर्जिओपी छान येते.

खरा फरक उजेडाचा

एफ/११ सारखा आकडा अ‍ॅपर्चरचा; आकडा मोठा तितकं भोक लहान. फुल फ्रेमवर १:२ आणि एफ/११ ला फोकसमधली खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट येणारा भाग, सुमारे ४ मिमी असते. १:१ ला ती १.३ मिमीवर येते, २:१ ला अर्ध्या मिमीवर. अर्जिओपीचं पोट याहून जाड असतं. एफ/१६, एफ/२२ करून खोली वाढवू म्हणाल, तर १:१ ला एफ/१६ चं काम एफ/३२ सारखं होतं आणि सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून एफ/८ ते एफ/११ मध्ये राहायचं, सेन्सर जाळ्याला समांतर धरायचा आणि गरजेपेक्षा थोडं मोकळं टिपून नंतर क्रॉप करायचं. फोकसची रिंग फिरवत बसण्यापेक्षा मोठेपणा ठरवून शरीरच पुढे-मागे हलवलं की काम लवकर होतं.

एफ/११ ला झाडाच्या सावलीत शटर इतकं मंदावतं, की झुळूक आली तरी फोटो हलतो. फ्लॅश कमी पॉवरवर ठेवला तर त्याची चमक सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती असते, त्यात जाळं गोठतं. उघडा फ्लॅश मात्र नको. अर्जिओपीच्या डोक्याकडच्या भागावर रुपेरी केस असतात, ते पार पांढरेफटक होतात. फ्लॅशपुढे पांढऱ्या फोमचा किंवा पातळ प्लॅस्टिकचा मोठा डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) लावा आणि तो कोळ्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा. रिंग फ्लॅश सोयीचा वाटतो, पण उडी मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत त्याची बांगडी स्वच्छ उमटते. मागचं सगळं काळंकुट्ट येत असेल तर आयएसओ ४००-८०० करा, किंवा जाळ्यामागे जवळच पान असेल असा कोन शोधा.

तेव्हा लांब झूम आहे, कोळी जाळ्यातले आहेत आणि खर्च बेताचा ठेवायचा आहे, तर +४ ते +५ चा अ‍ॅक्रोमॅट आणि डिफ्यूझरसकट फ्लॅश. फक्त ५० मिमी लेन्स असेल तर ट्यूब घेऊन खेकडा कोळ्यापासून सुरुवात करा. या छंदात टिकणार याची खात्री असेल तर १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो, जुनी मिळाली तरी हरकत नाही, कारण इथे ऑटोफोकसचा वेग फारसा उपयोगी पडत नाही. फक्त अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना, आणि पुढचा आटा चेपलेला नाही ना, एवढं पाहून घ्या. पुढे उडी मारणाऱ्या कोळ्यांचं वेड लागलंच, तर +८ चा तोच फिल्टर या मॅक्रोवरही बसतो.