जेटी पार्क, पोर्ट कॅनव्हरल: उड्डाण आणि परतलेला बूस्टर
फ्लोरिडात स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचे उड्डाण पाहण्यासाठी पोर्ट कॅनव्हरलच्या जेटी पार्कइतकी समाधान देणारी जागा मला सापडली नाही. ज्वाळा आधी दिसतात, गडगडाट मागाहून छातीवर आदळतो. परंतु या जागेचे खरे मोल काही दिवसांनी कळते, कारण समुद्रातील तराफ्यावर उतरलेला, काजळीने काळवंडलेला बूस्टर याच पार्कालगतच्या जलमार्गाने बंदरात आणला जातो. नऊ इंजिनांचा हा पहिला, म्हणजे सर्वांत खालचा टप्पा हा रॉकेटच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग. वापरलेला बूस्टर मार्च २०१७ मध्ये प्रथमच पुन्हा उडाला. परतीसाठी इंधन राखावे लागल्याने रॉकेटची भार वाहून नेण्याची क्षमता घटते, तरीही उड्डाणे वारंवार होत राहिली तर हिशेब फायद्याचाच ठरतो. वाहनतळाला शुल्क आहे. बरेच आधी पोहोचावे.